हाताने सोडावयाचे ग्लायडर
(हस्तव्यवसाय व सामान्य विज्ञान यांचा जोडपाठ : इयत्ता ५ वी ते ७ वी)

जोंधळ्याच्या धाटाची बैलगाडी करण्यास सातारा-सांगलीकडील मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. गाभ्याचे तुकडे व सालीच्या काड्या यांतून ती चाके, जू व साटी सहज उभी करतात. हे हस्तकौशल्य शाळेत आणून त्यास निरीक्षणाची व कारणशोधाची जोड द्यावी, हा या पाठाचा हेतू होय.

प्रस्तावना : माळावर घिरट्या घालणारी घार मुलांना दाखवावी. ती पंख न हलवता कशी तरंगते, हे विचारावे. इंजिनावाचून असेच तरंगणारे विमान म्हणजे ग्लायडर. इंग्लंडमधील जॉर्ज केली यांनी १८०४ साली लहान ग्लायडर करून प्रयोग केले. राइट बंधूंनीही १९०० ते १९०२ या काळात ग्लायडर उडवून तोल साधला आणि मगच १९०३ साली इंजिनाचे विमान उडविले.

साहित्य : २ मिलिमीटर जाडीचे बाल्सा लाकूड, गोंद, काचकागद, चिकणमाती. बाल्सा हा दक्षिण व मध्य अमेरिकेतील वृक्ष असून कापूस, भेंडी व काटेसावर यांच्याच कुळातील आहे. त्याचे लाकूड सागाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतके हलके असते. ते न मिळाल्यास दांड्यासाठी वाळलेले सरळ धाट व पंखांसाठी ड्रॉइंगचा जाड कागद घ्यावा. उड्डाण थोडे आखूड होईल. पाठ मात्र उणा पडणार नाही.

कृती : दांडा २५ सेंटिमीटर, पंख ३० × ५, शेपटीची आडवी पट्टी १० × ४ व उभी पट्टी ४ × ४ सेंटिमीटर घ्यावी. लाकडाचे रेषे पंखाच्या लांबीला समांतर असावेत. पाते शिक्षकांनी स्वतः चालवावे. घासकाम मुलांनी करावे. पंख मध्यावर कापून, एक भाग पाटावर सपाट व दुसऱ्याचे टोक ४ सेंटिमीटर उंच ठेवून सांधावा. या उथळ खोलगटीमुळे एका बाजूस कललेले ग्लायडर पुन्हा सावरते. पंखाची पुढची कड नाकापासून ६ सेंटिमीटरवर यावी व तिच्याखाली पुठ्ठ्याची बारीक पट्टी द्यावी. दोन्ही टोके सारखी उंच आहेत ना, हे समोरून पाहून मगच गोंद वाळू द्यावा.

तोल : पंखाच्या पुढच्या कडेपासून २ सेंटिमीटर मागे, दोन्ही बाजूंस खालून बोटे टेकवावीत. ग्लायडर आडवे राहीपर्यंत नाकाला माती लावावी.

चाचणी : सकाळी वारा पडलेला असताना, समोर कोणी उभे नाही असे पाहून, नाक किंचित खाली ठेवून ग्लायडर हलकेच पुढे सोडावे. नाक वर उचलून ते थबकले व खाली आले, तर नाकास थोडी माती वाढवावी. सरळ खाली झेपावले, तर माती कमी करावी. एकाच बाजूस वळले, तर पंख पिळला आहे का व उभी पट्टी तिरपी आहे का, हे पाहावे.

या पाठाचे मर्म येथेच आहे. पहिले उड्डाण बहुधा फसते. अशा वेळी विद्यार्थ्याच्या हातून ग्लायडर घेऊन ते नीट करून देण्याचा मोह शिक्षकांना होतो. तो आवरावा. “काय झाले? कशामुळे झाले असावे? आता काय बदलशील?” एवढेच विचारावे. एका वेळी एकच बदल करावा, हा नियम कटाक्षाने पाळावा. दोन बदल एकदम केल्यास ग्लायडर कदाचित उडेल, परंतु ते कशामुळे उडाले हे कोणालाच कळणार नाही.

गणिताची जोड : प्रत्येक बदलानंतर तीन उड्डाणांचे अंतर मोजून सरासरी वहीत लिहावी. समजा, १.५ मीटर उंचीवरून सोडलेले ग्लायडर ९ मीटर गेले, तर उंची व अंतर यांचे प्रमाण १ : ६ होते.

मूल्यमापन : ज्याचे ग्लायडर सर्वांत दूर गेले त्याचे कौतुक आपोआप होईलच. गुण देताना मात्र ज्याने आपल्या ग्लायडरचा दोष ओळखून त्याचे कारण स्वतःच्या शब्दांत सांगितले, त्यास अग्रक्रम द्यावा. एरवी उत्तर देण्यास कचरणारा मुलगाही हाती ग्लायडर असता बोलू लागतो. त्याचे बोलणे पुरते ऐकून घ्यावे.