अन्नाचे वावडे आणि सैनिकी प्रबोधिनीचा प्रवेश

एखादा पदार्थ एखाद्या व्यक्तीस सोसत नाही, त्यास आपण वावडे म्हणतो. घरी तो पदार्थ ताटाबाहेर ठेवला की प्रश्न मिटतो. सैन्यात तो तसा मिटत नाही. युद्धनौकेवर अथवा रणक्षेत्रात जे अन्न पुढे येईल, त्यात निवडीस वाव थोडा असतो. अमेरिकी सैनिकांच्या बंद पाकिटातील शिध्यात तर पीनट बटर हा नेहमीचाच पदार्थ होय. अशा वेळी घसा सुजून श्वास कोंडला, रक्तदाब उतरला, तर ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन तत्काळ आणि त्यामागोमाग रुग्णालय लागते. ते जवळ असेलच असे नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील, तेथील नागरिक असलेल्या मुलामुलींसाठी वेस्ट पॉइंट (स्थापना १८०२) व ॲनापोलिस (१८४५) येथील प्रबोधिन्यांची द्वारे खुली आहेत. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचे कूट हटकून घालणाऱ्या आपल्या घरांस हा विषय दूरचा वाटू नये.

तेथील संरक्षण विभागाच्या २०१८ च्या वैद्यकीय नियमावलीत मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जलचर, शेंगदाणे आणि काजू-बदाम-अक्रोडादी कठीण कवचाची फळे यांमुळे पूर्वी तीव्र प्रतिक्रिया आली असल्यास उमेदवार अपात्र धरला आहे. मात्र त्याच कलमातील एक शर्त पालकांच्या नजरेतून सुटते. रक्तात त्या अन्नाविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली, एवढ्याने अपात्रता येत नाही. त्यांस जुळणारा प्रत्यक्ष त्रासाचा इतिहास असावा लागतो. पुष्कळांच्या रक्ताची वा त्वचेची चाचणी दोष दाखविते, पण तो पदार्थ ते सुखाने खातात. तिसऱ्या वर्षी चिक्की खाल्ल्यावर अंगावर पित्त उठले, डॉक्टरांनी कागदावर 'शेंगदाण्याची ॲलर्जी' असे लिहिले, आणि पंधरा वर्षे कोणी फेरतपास केला नाही, असे सहज घडू शकते. शेंगदाण्याचे वावडे जडलेल्या मुलांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याचे वाढत्या वयाबरोबर नाहीसे होते. दूध व अंडे यांचे तर बहुतेकांचे जाते.

तेव्हा प्रथम निदान खरे की खोटे, हे ठरवावे. त्यासाठी ॲलर्जीतज्ज्ञाच्या देखरेखीखाली तो पदार्थ अल्प मात्रेपासून क्रमाने वाढवीत खावयास देतात व प्रत्येक मात्रेनंतर थांबून निरीक्षण करतात. इंजेक्शन व उपचारांची सिद्धता जवळ असावी लागते. हा प्रयोग घरी करून पाहणे म्हणजे जिवाशी खेळ होय, हे येथे स्पष्ट सांगणे अवश्य आहे.

आता सुटीविषयी, म्हणजे अपात्र ठरूनही नियम शिथिल करून मिळणाऱ्या प्रवेशाविषयी. उमेदवाराची वैद्यकीय तपासणी पाहून पात्र-अपात्र ठरविणारे मंडळ एक, आणि सूट देणारे अधिकारी दुसरे. ते त्या त्या प्रबोधिनीचे असतात. म्हणून एकाच उमेदवारास एकीने सूट द्यावी व दुसरीने नाकारावी, हे संभवते. सुटीसाठी उमेदवाराने वेगळा अर्ज करावयाचा नसतो. गुणवत्तेत तो पुढे असल्यास प्रबोधिनी स्वतःच तो विचार हाती घेते. आमच्याकडील कचेऱ्यांत खेटे घालण्याची सवय असलेल्यांस हे चमत्कारिक वाटेल! उमेदवाराच्या हाती एवढेच असते की, मागितलेले कागद वेळेवर द्यावेत: मूळ प्रतिक्रियेची नोंद, अलीकडील चाचण्या, तज्ज्ञांचा अभिप्राय. अभिप्राय 'प्रकृती उत्तम' असा मोघम नसावा; कोणता पदार्थ, किती खाल्ला, काय झाले, हे त्यात यावे.

वावडे लपविण्याचा मोह काहींना होतो. तो सर्वस्वी टाळावा. जुन्या औषधचिठ्ठ्या बोलतात, आणि खोटी माहिती उघडकीस आल्यास जागा तर जातेच, अब्रूही जाते.

आपल्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची रीत निराळी आहे. तेथे लष्करी वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरविल्यास अपील मंडळाकडे व पुढे पुनर्विलोकनाकडे दाद मागता येते. अपिलात 'हा दोष मला नाही' असे म्हणावयाचे असते. अमेरिकेतील सुटीत 'दोष आहे, तरी मला घ्यावे' असे. दोहोंकडे उपयोगी पडणारी वस्तू एकच, ती म्हणजे लहानपणापासूनचे जपून ठेवलेले वैद्यकीय कागद. शाळेच्या आरोग्य तपासणीची नोंद शिक्षकांनी पालकांकडे पोहोचती केल्यास मोठे काम होईल.