विहिरीवरील पंप व मोबाईलचें जाळें

कर्ली नदीची खाडी व समुद्र यांच्यामधील वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर तारकर्ली गांव वसलें आहे. पावसाचें मुरलेलें गोडें पाणी येथें जमिनीखालीं खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडें पाणी असलें, तर तिच्या खालीं तें हिशेबानें सुमारें ४० फूट टिकतें. यावरून विहिरीची पातळी उपशानें थोडी खालावली तरी खारें पाणी किती वर चढूं शकेल, हें वाचकांच्या ध्यानांत येईल. म्हणून येथील माडांच्या बागाईतदारास पंप घरबसल्या सुरू करण्यापेक्षां तो वेळीं बंद करण्याची सोय अधिक मोलाची होय.

ही सोय आतां साध्य आहे. विहिरींत पातळी व खारटपणा मोजणारे सेन्सर सोडावे आणि ते सिमकार्डाच्या पेटीमार्फत स्टार्टरास जोडावे. पाणी ठरविलेल्या खुणेखालीं गेलें किंवा खारटलें, कीं पेटी पंप थांबविते व मालकास संदेश धाडते. मुंबईस राहणाऱ्या चाकरमान्यासही त्यामुळें आपल्या विहिरीची खबर राहते.

मात्र पेटी घेतांना जाळ्याची पिढी पाहिली पाहिजे. भारतांत मोबाईल सेवा १९९५ सालीं सुरू झाली. दुसरी पिढी, म्हणजे टूजी, मुख्यतः संभाषण व लहान संदेश यांसाठीं होती. पुष्कळ मोबाईल स्टार्टर तिच्यावरच बेतलेले आहेत. २०१६ सालीं सुरू झालेल्या जिओनें टूजी उभारलेंच नाहीं. सबब तिचें सिम अशा पेटींत चालत नाहीं. चौथ्या पिढीबरोबर यंत्रांकरितां ‘एनबी-आयओटी’ ही निराळी पद्धत आली. तिचा वेग मंद, पण वीज थोडी लागते आणि खोलगट जागींही ती पोंचते. ऑक्टोबर २०२२ मध्यें आपल्या देशांत आलेली पांचवी पिढी, शेंकडों यंत्रें क्षणांत एकमेकांशीं जुळवून घेणाऱ्या कारखान्यांस विशेष उपयोगी आहे. दिवसाकांठीं चार आंकडे धाडणाऱ्या विहिरीस तिची गरज नाहीं.

मे २०२१ मधील तौक्ते वादळांत या किनाऱ्यावर वीज व मोबाईल दोन्ही खंडित झालीं होतीं. वीज परत आली आणि जाळें आलें नाहीं, तर पंपास कोण आवरणार? याकरितां थांबविण्याचा निर्णय पेटींतच झाला पाहिजे.

तेव्हां खरेदीपूर्वीं तीन गोष्टी तपासाव्या, असें आम्ही सुचवितों: विहिरीच्या कांठीं कोणतें जाळें मिळतें, पेटी त्याच पिढीची आहे काय, आणि जाळें तुटलें असतां पंप आपोआप थांबतो काय. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर विक्रेत्यानें सिम काढून प्रत्यक्ष दाखविल्याखेरीज पैसे देऊं नयेत. पेटी बदलतां येते. खारटलेली विहीर गोडी होण्यास मात्र पावसाळ्यांची वाट पाहावी लागते.