क्षीण प्रकाशाची ओळख

दूरचा दिवा स्पष्ट दिसत नसेल तर दुर्बीण मोठी घ्यावी, शोधक यंत्र अधिक संवेदनक्षम करावे, असे आपणास सहज वाटते. काही मर्यादेपर्यंत ते खरेही आहे. परंतु दूरच्या अवकाशयानाकडून आलेला लेसरचा स्पंद अतिशय क्षीण झाला, की निर्दोष यंत्राच्या हातूनही चूक होते.

समजा, ‘शून्य’ कळविण्यासाठी एक स्पंद आहे आणि ‘एक’ कळविण्यासाठी तेवढ्याच तेजाचा, पण उलट कलेचा दुसरा. एकाच्या तरंगाचा जेथे उंचवटा, तेथे दुसऱ्याचा खळगा. दोहोंत सरासरी पाव फोटॉन आहे. (फोटॉनचे तुकडे होत नाहीत, चार स्पंदांमागे सरासरी एक, एवढाच याचा अर्थ.) नुसते फोटॉन मोजून हे दोन स्पंद ओळखता येणार नाहीत.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील आर. एस. केनेडी यांनी १९७३ मध्ये एक युक्ती सुचविली. आलेल्या स्पंदात आपल्याकडील लेसर अशा मापाने मिसळावा, की ‘शून्य’ असल्यास पूर्ण अंधार व्हावा. ‘एक’ असल्यास तरंगाची उंची दुप्पट आणि तेज चौपट होते, म्हणजे सरासरी एक फोटॉन. शोधकात फोटॉनची नोंद झाली, तर तो ‘एक’च. अडचण आहे ती शांततेची. सरासरी एक फोटॉन असूनही सुमारे ३७ टक्के वेळा एकही येत नाही. दोन्ही चिन्हे सारख्याच वेळा पाठविली, तर शांततेला ‘शून्य’ मानल्याने एकंदर १८ टक्के निर्णय चुकतात. गंमत अशी, की तरंगाची कला थेट मोजणारी रूढ पद्धत येथे १६ टक्केच चुकते! स्पंद थोडा प्रखर झाला, की मात्र केनेडींची पद्धत सरस ठरते.

मग चूक किती कमी करता येईल? कार्ल हेल्स्ट्रॉम यांच्या सूत्रानुसार या उदाहरणात किमान चूक सुमारे १० टक्के. दोन्ही स्पंदांच्या पुंज-अवस्था अंशतः एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्यामुळे कोणतेही मापन याखाली जाऊ शकत नाही.

त्या सीमेपर्यंत नेणारी रीत १९७३ मध्येच डोलिनार यांनी मांडली: स्पंद येत असतानाच मिसळणाऱ्या प्रकाशाचे माप बदलत राहायचे आणि प्रत्येक फोटॉनच्या नोंदीबरोबर आपला अंदाज उलटवायचा. हे तत्त्व २००७ मध्ये प्रयोगाने दाखविले गेले. त्याला अतिवेगवान यंत्रणा तर लागतेच. शिवाय संपूर्ण अंधारातही शोधक मधूनच खोटी नोंद करतो, आणि अशी एक नोंद झाली तरी अंदाज उलटतो.