शेतकऱ्याचे कर्ज आणि मध्यवर्ती बँक

तंजावूर हे नाव मराठी वाचकाला भोसल्यांच्या राज्यामुळे परिचित आहे. परंतु पतपुरवठ्याच्या इतिहासातही त्याला स्थान आहे. तेथील बृहदीश्वर मंदिराच्या अकराव्या शतकातील शिलालेखांत, देवस्थानाच्या रकमा ग्रामसभांकडे व्याजाने ठेवल्याच्या नोंदी आढळतात. काशू नावाच्या नाण्यामागे वर्षाला एक अष्टमांश काशू, म्हणजे साडेबारा टक्के, व्याज असे आणि ते आचंद्रार्क द्यावयाचे असे. ऋणको एकटा शेतकरी नसून सबंध सभा होती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

१ एप्रिल १९३५ रोजी भारतीय रिझर्व्ह बँकेचे कार्य सुरू झाले. चलनी नोटा काढणे, सरकारची व इतर बँकांची बँक म्हणून काम पाहणे आणि बँकांना अडचणीत अखेरचा आधार देणे, ही मध्यवर्ती बँकेची सर्वमान्य कर्तव्ये होत. कृषिप्रधान देशात एवढ्याने भागणारे नव्हते. म्हणून तिच्या कायद्यातच शेतीकर्जासाठी स्वतंत्र विभागाची तरतूद करण्यात आली. १ जानेवारी १९४९ रोजी बँक राष्ट्राच्या मालकीची झाली.

तथापि खेड्यांतील वस्तुस्थिती निराळी होती. बँकेने १९५१-५२ मध्ये करविलेल्या पाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सुमारे ७० टक्के सावकारांकडून आणि अवघे ३ टक्के सहकारी संस्थांकडून आलेले दिसले. या पाहणीच्या संचालन समितीवर धनंजयराव गाडगीळ होते. शासनाने सहकारी संस्थांच्या भांडवलात भागीदार व्हावे, अशी शिफारस समितीने केली.

त्यानंतर रिझर्व्ह बँकेचा पैसा राज्य सहकारी बँक, जिल्हा मध्यवर्ती बँक आणि गावची सोसायटी अशा तीन पायऱ्यांनी शेतापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था दृढ झाली. १९६० मध्ये सुरू झालेल्या सघन शेती कार्यक्रमासाठी निवडलेल्या पहिल्या जिल्ह्यांत तंजावूर होता. कावेरीच्या खोऱ्यात भाताच्या लावणीला बी-खतासाठी पैसा आधी लागतो, उत्पन्न मात्र कापणीनंतर हाती येते. पीक बुडाले तर अल्प मुदतीचे कर्ज फेडणार कशातून? त्यासाठीच १९५६ मध्ये स्थिरीकरण निधी उभारण्यात आला. त्याच्या साहाय्याने अशा कर्जाची मुदत वाढविता येऊ लागली.

१९८२ मध्ये ग्रामीण पतपुरवठ्याचे हे कार्य राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँकेकडे गेले. परंतु त्यामागील तत्त्व कायम आहे : कर्ज देणाऱ्या संस्थेच्या पाठीशी दुसरी समर्थ संस्था उभी असेल, तरच दुष्काळाच्या वर्षी शेतकऱ्याला मुदत मिळू शकते.