यकृताचा रोग आणि नव्याने घडविलेल्या पेशी

कावीळ हा शब्द आपल्या घराघरांत परिचित आहे. परंतु कावीळ हा स्वतंत्र रोग नसून ते बहुधा यकृताच्या बिघाडाचे लक्षण असते, ही गोष्ट थोड्यांच्याच ध्यानी असते. या बिघाडामागे अनेकदा विषाणू असतो. त्यांपैकी हिपॅटायटिस 'बी' आणि 'सी' हे विषाणू कोणतेही लक्षण न दाखविता वर्षानुवर्षे यकृतात वास्तव्य करू शकतात. पुढे त्यातून सिरॉसिस किंवा कर्करोग उद्भवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२२ साली जगातील सुमारे २५ कोटी ४० लाख लोकांना 'बी'ची, तर ५ कोटी लोकांना 'सी'ची बाधा होती.

'बी'चा माग १९६० च्या दशकात बारूक ब्लुमबर्ग यांना लागला, तर 'सी'चा शोध १९८९ मध्ये जाहीर झाला. तथापि विषाणू ओळखता आला, तरी त्याचे वर्तन पाहणे दुष्कर होते. हे विषाणू उंदरांना सहसा बाधत नाहीत. माणसाच्या यकृतातून काढलेल्या पेशी काचपात्रात थोड्याच दिवसांत आपले गुणधर्म गमावतात. कर्करोगाच्या पेशी भरपूर वाढतात, पण त्या निरोगी पेशींप्रमाणे वागत नाहीत.

ही कोंडी फुटली ती जपानमधील क्योतो येथे. २००६ साली शिन्या यामानाका व त्यांचे सहकारी काझुतोशी ताकाहाशी यांनी उंदराच्या त्वचेतील पेशींत चार जनुके सोडली आणि त्या पेशी भ्रूणावस्थेतील मूळपेशींसारख्या झाल्या. २००७ मध्ये मानवी पेशींवरही हे साधले. २०१२ चे नोबेल पारितोषिक यामानाका आणि जॉन गर्डन यांना विभागून मिळाले. गर्डन यांनी अर्धशतकापूर्वीच बेडकाच्या पेशींवरून या मार्गाचा पाया घातला होता.

अशा मूळपेशीला ठरावीक क्रमाने वाढीचे घटक दिले की काही आठवड्यांत ती यकृतपेशीसारखी होते. म्हणजे रोग्याच्या यकृताला हात न लावता, त्याच्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या लहानशा नमुन्यातून त्याच्याच जनुकांची यकृतपेशी मिळते. २०१२ मध्ये अमेरिकेतील संगीता भाटिया, चार्ल्स राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पेशींत 'सी' विषाणूचे संपूर्ण जीवनचक्र घडते, तसेच पेशी त्याला प्रतिकारही करते, हे दाखविले. २०१४ मध्ये 'बी'बाबतही असाच प्रयोग झाला. एकाच विषाणूने एक माणूस बरा होतो आणि दुसरा आयुष्यभर बाधित राहतो; या भेदात जनुकांचा वाटा किती, हे तपासण्याची वाट यामुळे मोकळी झाली. नवे औषधही आधी या पेशींवर पारखता येते.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. या पेशी अद्याप पूर्ण परिपक्व नसतात. त्यांचे वर्तन बरेचसे गर्भातील यकृतपेशींसारखे असते. त्या संशोधनाचे साधन आहेत, उपचार नव्हेत. 'स्टेम सेलने यकृत बरे करू' असे सांगून कोणी मोठी रक्कम मागितल्यास पालकांनी तेथेच थांबावे आणि सरकारी रुग्णालयात विचारणा करावी.

हाती असलेले ज्ञानही थोडे नाही. 'सी' आज बहुतेक रोग्यांत दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. 'बी' औषधांनी आटोक्यात राहतो. मात्र त्याचा समूळ नाश क्वचितच होतो, कारण त्याचा डीएनए यकृतपेशीच्या केंद्रकात ठाण मांडून बसतो. म्हणूनच प्रतिबंधाचे महत्त्व अधिक. जन्मतः बाधा झालेल्या शंभर बालकांपैकी सुमारे नव्वदांत 'बी' कायमचा राहतो. त्यावर लस आहे. तिचा पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावयाचा असतो. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमांतर्गत २०१८ पासून तपासणी व उपचार मोफत उपलब्ध आहेत.

शेवटी वसतिगृहापुरते एक सांगावेसे वाटते. 'बी' आणि 'सी' एका पंगतीत जेवल्याने, एकाच तांब्यातून पाणी प्यायल्याने किंवा हात हातात घेतल्याने पसरत नाहीत. ते पसरतात बाधित रक्तावाटे, दूषित सुईवाटे, प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला आणि शरीरसंबंधातून. त्यामुळे एखाद्या बाधित मुलाचा ब्लेड व दात घासण्याचा ब्रश वेगळा असावा; ताट वेगळे करण्याचे कारण नाही. ताट वेगळे केल्याने विषाणू अडत नाही, मूल मात्र एकटे पडते. प्रयोगशाळा आपले काम करीत आहे. लस, तपासणी आणि बाधित मुलाला आपल्या पंगतीत बसविणे, हे काम मात्र आपणा सर्वांचे आहे.