मुक्त सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या : जतनाचा खर्च आणि जबाबदारी

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणजे फुकट सॉफ्टवेअर, असा समज रूढ आहे. परवाना शुल्क नसते हे खरे. परंतु प्रत्येक आवृत्ती कोणाला तरी साठवावी लागते, मागणीनुसार पुरवावी लागते आणि कालबाह्य झाल्यावर वेगळी काढावी लागते. या शेवटच्या कामाकडे धोरणकर्त्यांचे लक्ष क्वचितच जाते.

गुरुग्रामच्या सायबर सिटीतील एखाद्या कंपनीत नवा सर्व्हर उभारला जातो, तेव्हा आवश्यक फाइली बहुधा सार्वजनिक वितरण-सर्व्हरवरून उतरवल्या जातात. कोणती आवृत्ती घ्यायची हे अभियंता दर वेळी ठरवतोच असे नाही; पूर्वी कोणीतरी लिहून ठेवलेली सूचनावलीच ते ठरवते. जुनी आवृत्ती नव्या आवृत्तीच्या शेजारी ठेवलेली असेल तर ती विनातक्रार उतरते आणि तिच्यातील दोषही सोबत येतात.

अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनने यासाठी साधा नियम केला आहे. मुख्य वितरण-सर्व्हरवर प्रत्येक चालू शाखेची केवळ ताजी आवृत्ती ठेवावी. जुन्या आवृत्त्या स्वतंत्र अभिलेखागारात राहतात, नष्ट होत नाहीत. पूर्वी या फाइलींच्या प्रती जगभरच्या विद्यापीठांनी व संस्थांनी आपल्या मिरर सर्व्हरवर स्वेच्छेने ठेवलेल्या असत. जुन्या फाइलींचा ढीग वाढला की भार या परोपकारी यजमानांवर पडे. मुक्त सॉफ्टवेअरच्या अशा प्रती ठेवणाऱ्यांत भारतातील आयआयटी कानपूरसारख्या संस्थाही होत्या. २०२१ मध्ये अपाचीने मिरर-व्यवस्थेऐवजी व्यावसायिक वितरण-जाळे स्वीकारले आणि जागेची अडचण बरीच ओसरली. तरीही नियम टिकला, कारण त्यामागचे सुरक्षिततेचे कारण टिकून आहे.

मग जुन्या आवृत्त्या सरळ पुसून का टाकू नयेत? मार्च २०१६ मध्ये एनपीएम या भांडारातून ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अवघ्या अकरा ओळींची आज्ञावली तिच्या लेखकाने काढून घेतली आणि तिच्यावर विसंबलेले असंख्य प्रकल्प काही काळ बांधताच येईनात. याउलट मेव्हन सेंट्रलमध्ये एकदा प्रसिद्ध झालेली आवृत्ती सहसा काढली जात नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग४जे’मधील गंभीर दोष उघड झाल्यानंतरही २.१४.१ ही सदोष आवृत्ती तेथे उपलब्ध राहिली. अर्थशास्त्राच्या भाषेत, पुसण्याचा आणि सरमिसळ ठेवण्याचा, दोन्हींचा खर्च त्रयस्थाच्या माथी जातो. त्यातल्या त्यात अभिलेखागाराचा मार्ग स्वस्त. शिवाय जुन्या स्रोताची गरज खरी असते: घुसखोरीच्या तपासात मूळ फाइलशी ताडून पाहावे लागते, आणि जीपीएल परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार लेखी हमीवर यंत्रभाषेतील प्रत देणाऱ्याला किमान तीन वर्षे स्रोत पुरवावा लागतो.

भारताला हा प्रश्न दूरचा नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ई-प्रशासनात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. सर्व्हरवर लोकप्रिय असलेल्या सेंटओएस ७ या प्रणालीचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. त्यापाठोपाठ तिची मिरर-यादी पुरवणारी सेवा बंद झाली आणि अनेक यंत्रांवर पॅकेज उतरेनात. बिघाड जाळ्याचा वाटावा असाच होता. पत्ता बदलून ‘व्हॉल्ट’ या अभिलेखागाराचा दिला की काम पुन्हा सुरू होते. धोका नेमका तेथेच आहे. फाइली मिळतात, पण नव्या दोषांवरील दुरुस्त्या तेथे कधीच येत नाहीत, आणि कार्यालयाला मात्र सारे सुरळीत वाटते.

सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकसूचीविषयी तांत्रिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. अशा सूचीत आवृत्तीचा क्रमांक असतोच. निविदेत त्याच्याबरोबर आधार संपण्याची तारीख आणि त्यानंतरच्या स्थलांतराचा खर्चही मागितला पाहिजे. अंदाजपत्रकात ही रक्कम नसेल तर ‘व्हॉल्ट’चा पत्ता घालण्याचा मोह कोणत्याही कार्यालयाला आवरणार नाही. प्रती स्वतःच्या भांडारात ठेवणाऱ्यांनीही स्वाक्षरीच्या किल्ल्यांची नोंद ठेवावी. डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांबाबत फाइल शाबूत असूनही किल्लीची मुदत संपल्याने पडताळणी अयशस्वी होते, आणि घाईत असलेला कर्मचारी मग पडताळणीच बंद करून टाकतो.