ग्रँडमास्टरचा ओपनिंग कोर्स: सातारा-सांगलीकरांसाठी खर्चाचा हिशेब

मूल बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळू लागलं की वर्षभरात घरात एक मागणी येते: अमुक ग्रँडमास्टरचा ओपनिंगचा, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचा, व्हिडिओ कोर्स घ्यायचाय. किंमत डॉलरमध्ये असते, सवलत ‘आज रात्रीपर्यंत’ असते आणि आईवडिलांना त्यातलं फारसं कळत नसतं. अशा वेळी किमतीच्या आधी एक प्रश्न विचारावा: हा कोर्स पूर्ण व्हायला मुलाचे किती तास लागतील? घेतलेले बहुतेक कोर्स अर्धवट राहतात ते याच प्रश्नाला बगल दिल्यामुळे.

बाजारात काय मिळतं?

*फुकट.* लाइचेस हे संकेतस्थळ आणि ॲप पूर्ण मोफत आहे, त्यावर जाहिरातीही नाहीत. देणग्यांवर ते चालतं. डावांचं विश्लेषण, मास्टर खेळाडूंच्या डावांचा संग्रह आणि स्वतःच्या ओपनिंगची वही बनवण्याची ‘स्टडी’ ही सोय, सगळं विनाशुल्क. यूट्यूबवर अमेरिकेतल्या सेंट लुईस चेस क्लबची ग्रँडमास्टरांची व्याख्यानं आहेत आणि आपल्याकडच्या चेसबेस इंडियाचा मोठा साठा आहे.

*एकदाच पैसे भरून.* जर्मनीच्या चेसबेस कंपनीच्या ‘फ्रिट्झट्रेनर’ मालिकेतला एक कोर्स साधारण ३० ते ४० युरोंना असतो. खुद्द माजी जगज्जेत्या कास्पारोव्हने या मालिकेत नायडॉर्फ सिसिलियन या ओपनिंगवर शिकवलं आहे. चेसेबल या संकेतस्थळावर लिखित धडे स्वस्त असतात. त्यांना व्हिडिओची जोड घेतली की किंमत दुप्पट-तिप्पट होऊन शंभर डॉलरच्या पुढे सहज जाते. मात्र तिथं बऱ्याच कोर्सची छोटी आवृत्ती मोफत मिळते. आधी ती संपवावी.

*वर्गणी.* चेस डॉट कॉमसारख्या ठिकाणी महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी असते. वर्षाची महिन्यामागे स्वस्त पडते, पण मूल तीन महिन्यांत कंटाळलं तर तीच महाग ठरते.

कार्डावर प्रत्यक्षात किती कापले जातात?

समजा कोर्स १०० डॉलरचा आहे आणि डॉलरचा भाव ९० रुपये धरला. मूळ रक्कम झाली ९,००० रुपये. परकीय चलनातल्या व्यवहारावर अनेक बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार लावतात: ३१५ रुपये. त्या आकारावर १८ टक्के जीएसटी: ५७ रुपये. एकूण ९,३७२. कोर्सच्या किमतीत भारतातला १८ टक्के जीएसटी धरलेला नसेल आणि शेवटच्या पानावर तो वेगळा लागला, तर हाच आकडा अकरा हजारांवर जातो. म्हणून ‘पे’ दाबण्याआधी अंतिम रक्कम वाचा आणि तोच कोर्स एखाद्या भारतीय विक्रेत्याकडे रुपयांत मिळतो का ते पाहा. चेसबेस इंडियाच्या दुकानात फ्रिट्झट्रेनर रुपयांत घेता येतात.

कार्ड चालत नसेल तर घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमधून ते सुरू करावे लागतात. खरेदी झाली की पुन्हा बंद करा. वर्गणी घेतली असेल तर पैसे आपोआप कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवलं पाहिजे. तो संदेश वाचायची सवय ठेवा.

कोर्स पेलेल का?

किंमत परवडली तरी हा प्रश्न उरतोच. मोठ्या कोर्समध्ये पाच-सहाशे ‘ओळी’, म्हणजे चालींच्या साखळ्या, असतात. रोज दहा नव्या ओळी म्हटल्या तरी सहाशेला दोन महिने लागतात, आणि जुन्यांची उजळणी दर आठवड्याला वाढत जाते ती वेगळीच. शाळा आणि शिकवणी सांभाळणाऱ्या मुलाला रोज अर्ध्या तासापलीकडे वेळ मिळत नाही. त्यात व्हिडिओ बघणं, पाठांतर आणि सराव तिन्ही बसवायचं, तर शंभरेक ओळींचा कोर्स चांगला.

‘१४०० च्या आतल्या खेळाडूंसाठी’ असं कोर्सवर लिहिलेलं असेल तर ते ऑनलाइन मानांकन आहे की फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचं, हे पाहून घ्या. मार्च २०२४ पासून फिडेची यादी १४०० पासूनच सुरू होते आणि ऑनलाइन मानांकन त्याच्याशी जुळतंच असं नाही. मूल अजून फिडेच्या यादीत आलेलं नसेल, तर पांढऱ्याकडून एक ओपनिंग आणि काळ्याकडून ई४ व डी४ या दोन पहिल्या चालींना एकेक उत्तर एवढं पुरे. इटालियन किंवा लंडन पद्धत, काळ्याकडून ई४ ला ई५ किंवा कारो-कान अशी निवड करावी. नायडॉर्फसारखी चालींचं प्रचंड पाठांतर मागणारी ओपनिंग पुढच्या इयत्तेसाठी ठेवावी.

नमुना धडा असा तपासा

विकत घेण्याआधी मोफत धडा मुलासोबत बसून पाहा. इटालियनचा कोर्स असेल तर एकच जागा तपासा. दोन्ही बाजूंनी राजाचं प्यादं दोन घरं पुढे, मग दोघांचा एकेक घोडा बाहेर, मग पांढऱ्याचा उंट सी४ वर आणि काळ्याचा दुसरा घोडा एफ६ वर. आता पांढरा घोडा जी५ वर नेतो. रोख एफ७ च्या प्याद्यावर. काळा डी५ खेळतो आणि पांढरा ते प्यादं मारतो. इथं नवशिका काळा हमखास घोड्याने प्यादं परत मारतो. मग पांढरा एफ७ वर घोड्याचा बळी देतो, काळ्याचा राजा उघड्यावर ओढला जातो आणि पुढे तासभर फक्त बचाव करावा लागतो. त्याऐवजी घोडा ए५ वर नेऊन उंटावर हल्ला करणं हे जुनं, प्रस्थापित उत्तर आहे. त्यात एक प्यादं जातं, पण काळ्याच्या सोंगट्या झपाट्याने बाहेर पडतात.

शिक्षक नुसतं ‘घोडा ए५ खेळा’ सांगून पुढे जातो की घोड्याने का मारू नये हे पटावर दाखवतो, एवढं बघा. जिल्हा पातळीवर प्रतिस्पर्धी चौथ्या-पाचव्या चालीलाच पुस्तक सोडतो. कारण कळलेलं नसेल तर पुढच्या बारा पाठ चाली कामाला येत नाहीत.

भाषेचाही विचार करा. बहुतेक कोर्स इंग्रजीत आहेत. मुलाला बोलणं अर्धंच कळत असेल तर उपशीर्षकं आहेत का, वेग कमी करता येतो का आणि चालींची पीजीएन फाइल मिळते का ते पाहा. ही फाइल लाइचेसच्या स्टडीत भरली की व्हिडिओ न लावताही उजळणी होते.

पटावरचा सराव

व्हिडिओ प्रतिस्पर्धी देऊ शकत नाही. त्या बाबतीत सांगलीकर भाग्यवान. भाऊसाहेब पडसलगीकरांनी वाढवलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळाने उन्हाळी स्पर्धांची परंपरा या शहराला दिली, आणि महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे याच शहरातल्या. नवं ओपनिंग तपासायला अनोळखी प्रतिस्पर्ध्यासमोरचा डाव हवा; तो इथं घराजवळ मिळतो.

साताऱ्याहून सांगलीला खेळायला येणाऱ्यांनी प्रवास अंदाजपत्रकात धरावा. पुणे-मिरज मार्गावरची रेल्वे कराडवरून सांगलीला येते, पण साताऱ्याचं स्थानक माहुलीला आहे. शहरातून तिथवर रिक्षा धरा. सोबत एक पालक, दोघांचं जेवण आणि प्रवेश शुल्क. अशा दोन-तीन वाऱ्यांत एका फ्रिट्झट्रेनरची किंमत निघून जाते. दोन्ही एकदम परवडत नसेल तर आधी स्पर्धा, मग कोर्स.

तीन अंदाजपत्रकं

आकडे ढोबळ आहेत. खरेदीच्या दिवशीचा दर पाहावा.

• *हजार रुपयांच्या आत:* गुंडाळता येणारा पट आणि प्लास्टिकच्या सोंगट्या, लाइचेस, यूट्यूबवरची एकच व्याख्यानमाला. फिडे मानांकन नसलेल्यांनी यापलीकडे जाऊ नये.

• *तीन ते चार हजार:* वरच्या सगळ्याला एका फ्रिट्झट्रेनरची किंवा मध्यम कोर्सची जोड. मानांकन मिळालेल्या आणि डाव नियमित लिहिणाऱ्या खेळाडूसाठी.

• *नऊ ते अकरा हजार:* व्हिडिओसह संपूर्ण कोर्स. खेळाडू फिडे १६००च्या पुढे असेल आणि त्यातलं काय गाळायचं हे सांगणारा प्रशिक्षक असेल तरच.

टेलिग्रामवर ‘सगळे कोर्स पाचशे रुपयांत’ मिळतात. ती चोरी आहे, फायलींबरोबर व्हायरस येऊ शकतो आणि शेकडो कोर्स हाताशी असलेलं मूल एकही पूर्ण करत नाही.

फसगत झाली तर

परताव्याची मुदत आणि अट खरेदीआधी वाचा. किती धडे पाहिल्यावर परतावा बंद होतो हे बहुधा तिथंच लिहिलेलं असतं. त्या पानाचा आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पावती आणि ईमेल जपून ठेवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण दिलं पाहिजे. भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल वा सेवा देणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही हे नियम लागू आहेत, पण व्यवहारात भारतीय विक्रेत्यामागे लागणं सोपं. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग: २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

कोर्स घेतल्यावर घरात एक नियम ठेवा. त्या ओपनिंगचे निदान वीस स्पर्धात्मक डाव लिहून जमेपर्यंत दुसरा कोर्स नाही. प्रत्येक डावात आपण तयारीतून कितव्या चालीला बाहेर पडलो, तिथं खूण करायची. वीस डावांत पंधरा खुणा पहिल्या सहा चालींच्या आत असतील तर नव्या कोर्सची गरज नाही. त्याच कोर्सचे पहिले दोन धडे पुन्हा पाहायचे आहेत, आणि ते तर तुम्ही आधीच विकत घेतले आहेत.